आळशी भाषा, राबते प्रोसेसर

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल काढणाऱ्या कुणालाही विचारा, ऑर्डर नसताना माल काढायचा का? सूत अडकतं, गोदाम तुंबतं. तो नकोच म्हणेल. पण माग बंद ठेवून कामगार बसवून ठेवणंही त्याला परवडत नाही. हॅस्केल ही भाषा समांतर संगणकावर चालवणाऱ्यांचा पेच हाच.

१९९० साली पहिला अहवाल निघालेली हॅस्केल जातीची आळशी. गणित मांडलं तरी ती सोडवत नाही, त्याची नुसती नोंद ठेवते. या नोंदीला थंक म्हणतात. उत्तर कुणी मागितलं की मगच हिशेब होतो आणि नोंदीच्या जागी उत्तर बसतं. ठरलेली किंमत मध्येच बदलत नाही, त्यामुळे दोन तुकडे कोणत्याही क्रमाने किंवा एकदम सोडवले तरी उत्तर तेच. समांतर यंत्राला आणखी काय हवं, असं १९८०च्या दशकात अनेकांना वाटलं.

त्याच सुमारास पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था ‘परम ८०००’ हा समांतर संगणक घडवत होती. १९९१च्या या यंत्रात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. कामाची वाटणी आणि आपसातले निरोप, सारं प्रोग्रामरनेच लिहायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सायमन पेटन जोन्स आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘ग्रिप’ या समांतर यंत्राचा रोख उलटा होता: वाटणीचा भार यंत्राने उचलावा.

ते सोपं नव्हतं. मागितल्याशिवाय काही करायचंच नाही म्हटलं, तर बहुतेक प्रोसेसर रिकामे. आधीच करून ठेवावं, तर न लागणारं, कधी कधी न संपणारंही काम अंगावर. तोडगा निघाला ‘पार’चा. प्रोग्रामर फक्त सुचवतो की हे पुढे लागेल. सूचनेची ठिणगी पडते. रिकामा प्रोसेसर ती उचलतो. कुणीच मोकळा नसेल, तर मूळ कामच तिथवर पोचून हिशेब उरकतं आणि ठिणगी विझते. तुकडे फार बारीक पाडले, तर वाटणीतच वेळ जातो.

मला सर्वांत आवडते ती पुढची युक्ती. एकच थंक दोन प्रोसेसरांनी हाती घेतला तर? प्रत्येक थंकला कुलूप लावता येईल, पण थंक असतात असंख्य आणि कुलपाला वेळ लागतो. म्हणून हॅस्केलचा जीएचसी हा कंपायलर सहसा कुलूप लावतच नाही. क्वचित तेच काम दोनदा होतं. उत्तर बदलत नाही, म्हणून चालून जातं. खरी रखडपट्टी स्मृतीतला कचरा काढताना होते. सफाईसाठी सहसा सगळ्या प्रोसेसरांना हातातलं काम थांबवावं लागतं, आणि चार प्रोसेसर जोडूनही वेग चौपट होत नाही.