निवाडा मादीचा

कोयनेच्या खोऱ्यात, हुंबरळीच्या परिसरातील ओढ्याकाठी पावसाळी रात्री बसायचे तर जळवांना थोडे रक्त खंडणीदाखल द्यावे लागते. ते एकदा मान्य केले, की उरलेले काम केवळ कान देऊन स्वस्थ राहण्याचे. तांबड्या कागदाने झाकलेल्या विजेरीच्या उजेडात पाण्यावर झुकलेल्या पानावर रातबेडकाचा एक नर दिसतो. तो हाक घालतो, थांबतो, पुन्हा घालतो, आणि शेजारचा नर आपलीही हद्द तितक्याच आवेशाने जाहीर करतो. प्रसंगी दोघांची झटापट होते. परंतु हा सारा खटाटोप केवळ अर्ज होय; निवाडा मादीच्या हाती.

तो ती कसा करते, याचा चोख पुरावा पनामातील तुंगारा बेडकाने दिला. त्याच्या हाकेत एक लांब, उतरता स्वर असतो आणि मर्जीनुसार त्याला तुटक ‘चक्’ जोडता येतो. संशोधक मायकेल रायन यांनी ध्वनिक्षेपकांतून ‘चक्’विना आणि ‘चक्’सह अशा दोन्ही हाका ऐकविल्या, तेव्हा माद्या बहुधा ‘चक्’च्या दिशेने गेल्या; मात्र बेडूक खाणारे वटवाघूळही त्याच आवाजाचे चाहते असल्याने एकटा नर तो सहसा टाळतो आणि प्रतिस्पर्धी ओरडू लागले म्हणजेच जिवावर उदार होतो.

आमच्या ओढ्यावरील हा रातबेडूक, ज्याला १९५५ साली मुंबईचे निसर्गाभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे नाव मिळाले, त्याची तऱ्हा याहून निराळी. येथे मादीसुद्धा हाक देते, आणि बेडकांत ही गोष्ट दुर्मीळच. शिवाय इतर बहुतेक बेडकांचे नर मादीला घट्ट कवटाळून अंडी पडेपर्यंत सोडीत नाहीत. हा मात्र तिच्या पाठीवर चढूनही हात पानावर किंवा फांदीवर टेकवितो, तिच्या पाठीवर रेत सोडतो आणि अंडी पडण्यापूर्वीच चालता होतो. ते रेत ओघळून अंड्यांवर उतरते, आणि मादी मागचे पाय पसरून त्यांच्याभोवती निश्चल बसते. एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी याच हुंबरळीतील निरीक्षणे २०१६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा बेडकांच्या ज्ञात सहा आलिंगन-प्रकारांत या सातव्याची भर पडली. पाठ फिरवून गेलेल्या नराला ‘आलिंगन’ हा शब्द जरा उदारपणेच बहाल झाला आहे, असे मला वाटते.

या अंड्यांवर सापाचाही डोळा असतो. त्याच्या तावडीतून जी बचावतात, त्यांतले बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात टपकतात.