शेततळ्यांतील गळ आणि टिकाऊ चारादाणी

शेततळ्याचा परिचय आतां शेतकरी बंधूंस नव्यानें करून देण्याची आवश्यकता राहिलेली नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना सुरू केली, तेव्हांपासून तर कोरडवाहू मुलखांतही अशीं तळीं पुष्कळ झालीं. पाणी सांठविणें हा त्यांचा मुख्य हेतु होय. परंतु पाणी आहे तेथें मासेही पोसावे, या विचारानें अनेकांनीं त्यांत कटला, रोहू व मृगळ यांचें बीज सोडलें आहे. मासे नीट वाढतात कीं नाहीं हें समजण्यासाठीं मधून मधून दहा-पांच मासे काढून त्यांचें वजन करावें लागतें. शिवाय चिलापीसारखा न बोलावलेला पाहुणा तळ्यांत शिरला, म्हणजे तो झपाट्यानें वाढून इतर माशांच्या तोंडचा घांस काढून घेतो. त्यास वरचेवर कमी करणें भाग पडतें. सर्व मासे एकदम काढावयाचे असतील, तर जाळ्यास पर्याय नाहीं. परंतु दहा-पांच माशांकरितां जाळें ओढून तळाचें अस्तर घासूं देण्यापेक्षां गळ हेंच सोईचें साधन होय.

गळाचें यश आमिषाइतकेंच चाऱ्यावर अवलंबून असतें. आमिष तें गळास लावावयाचें. चारा तो मासे एका जागीं जमावे म्हणून पाण्यांत सोडावयाचा. हा भेद प्रथम ध्यानांत घ्यावा. ही विद्या परकी आहे असेंही नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून, माशांस घालावयाच्या चाऱ्याचें विवेचन त्यांत केलेलें आहे.

हातानें मुठी भरभरून चारा फेकण्याची रीत सोपी खरी, परंतु तींत तीन दोष आहेत. पहिला असा कीं, चारा वाऱ्यानें पांगतो आणि मासेही त्याबरोबर पांगतात. दुसरा असा कीं, तो योग्य खोलीवर जात नाहीं. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, तर मृगळ तळाशीं. चारा एकाच थरांत राहिला, तर बाकीच्यांस त्याचा उपयोग काय? तिसरा दोष सर्वांत घातक होय. माशांनीं न खाल्लेला चारा तळाशीं कुजतो, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतो. पहांटेच्या सुमारास पाण्यांत प्राणवायु आधींच सर्वांत कमी असतो. त्यांत आभाळ भरलेलें असलें, म्हणजे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडूं लागतात, आणि वेळींच उपाय न झाल्यास वर्षभराचें धन एका रात्रींत पालथें पडतें. म्हणून चारा मोजून, ठराविक खोलीवर व सावकाश सोडणारें एखादें पात्र हवें. त्यास आम्ही येथें चारादाणी म्हणूं.

विलायतेंत अशीं पात्रें पूर्वीपासून प्रचारांत आहेत. कांहीं म्हणजे तारेचे लहान पिंजरे. त्यांत कालविलेला चारा दाबून भरतात. कांहीं छिद्रें पाडलेल्या बंद नळ्या. त्यांत जिवंत अळ्या भरतात व त्या छिद्रांतून बाहेर पडतात. तिसरा प्रकार झांकणाच्या डबीचा. तिच्या बुडाची दांडी तळास टेकतांच झांकण उघडून चारा मोकळा होतो. हे सर्व प्रकार मातीच्या तळाच्या नदी-तलावांकरितां निघालेले आहेत. आपल्या शेततळ्याची गोष्ट निराळी. त्याचें अस्तर, ज्यास शेतकरी नुसता 'कागद' म्हणतात, तें बहुधा ५०० मायक्रॉनचें, म्हणजे अवघें अर्धा मिलिमीटर जाडीचें असतें. तारेच्या पिंजऱ्याचें एक उघडें टोंक त्यावरून ओढलें गेलें, तर पडलेलें भोंक दिसणारही नाहीं. पाणी मात्र निघून जाईल, आणि उन्हाळ्यांत ज्या बागेचा भरंवसा त्या पाण्यावर, ती बाग उघडी पडेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी एक म्हण आहे. येथें तर मसाल्यापायीं घरच जळावयाचें!

यावरून चारादाणीच्या टिकाऊपणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. नुसती मोडत नाहीं ती टिकाऊ, हा अर्थ अपुरा आहे. जी स्वतः टिकते, अस्तर टिकूं देते, पाणी बिघडवीत नाहीं आणि प्रसंग पडल्यास जिच्यावर खुशाल पाणी सोडतां येतें, ती खरी टिकाऊ. या शेवटच्या कलमाचा खुलासा पुढें येईल.

द्रव्याची निवड

लोखंड गंजतें आणि गंजलेली कड धारदार होते. जस्ताचा मुलामा दिलेली तार मुलामा असेपर्यंतच चांगली. लोखंड व पितळ जोडून पाण्यांत ठेविलें, तर लोखंड अधिकच वेगानें गंजतें. म्हणून दोन धातूंची सांगड घालूं नये. वजनासाठीं शिसें वापरण्याची जुनी चाल आहे, ती तर सर्वस्वीं टाकून द्यावी. पाण्यांत पडलेलीं शिशाचीं वजनें गिळून हंस विषबाधेनें मरूं लागल्यामुळें ब्रिटनमध्यें १९८७ सालीं ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या अशा वजनांची विक्री कायद्यानें बंद करण्यांत आली. शिसें गुरांसही विषच आहे. मग ज्या पाण्यावर आपलीं गुरें येतात, तेथें तें कशास हवें?

पीव्हीसीची नळी ऊन खाऊन ठिसूळ होते. याउलट पाण्याच्या काळ्या एचडीपीई नळींत काजळी मिसळलेली असल्यामुळें ती ऊन पुष्कळ सोसते, चिवट असते, आणि पाण्याहून किंचित् हलकी असते. हिचे तुकडे बहुतेक प्रत्येक बागाईतदाराच्या कोठींत पडलेले असतात. तेव्हां द्रव्य घरचेंच झालें.

घडण

बाहेरून ३२ मिलिमीटर व्यासाच्या आणि सुमारें २ मिलिमीटर जाडीच्या एचडीपीई नळीचा ६ सेंटिमीटर लांबीचा तुकडा सरळ कापावा. वरच्या टोंकांत १२ मिलिमीटर जाडीचें खरें बूच घट्ट बसवावें. तें पूर्वीं वितळलेल्या मेणांत बुडवून काढलें असतां पाणी पीत नाहीं. या नळीस गोंद किंवा सिमेंट नीट धरत नाहीं, म्हणून चिकटविण्याचा खटाटोप करूं नये. नळी व बूच यांतून आरपार भोंक पाडून स्टेनलेस स्टीलची दीड मिलिमीटरची तार घालावी, तिचा वर फांस करावा, आणि दोन्ही टोंकें वळवून बुचांतच खुपसावीं. खालचें तोंड उघडेंच ठेवावें. मात्र त्याच्या कडेपासून ५ मिलिमीटरवर दुसरी तशीच तार आडवी घालून तिचीं टोंकें आंतल्या बाजूस वळवावीं.

नळीच्या अंगास ६ मिलिमीटरचीं दहा-बारा छिद्रें गिरमिटानें पाडावीं. तीं एका ओळींत न पाडतां एकाआड एक पाडावीं, म्हणजे नळी दुबळी होत नाहीं. या पात्रांत सुमारें ३० घन सेंटिमीटर चारा मावतो. झांकण नाहीं, बिजागरी नाहीं, कमान नाहीं. ज्यास हलणारा भाग नाहीं, त्यांत बिघडणार तरी काय?

वजनाकरितां नदींतील गुळगुळीत गोटा, सुमारें ४० ग्रॅमचा, जाळीच्या लहानशा पिशवींत घालून खालच्या तारेस बांधावा. तो बांधण्यास कच्चा सुती दोराच घ्यावा, नायलॉनचा नको. याचें कारण असें कीं, गोटा कोठें दोरखंडांत किंवा पंपाच्या नळांत अडकला, तर ओढतांच हा दोरा तुटावा. दोरा तुटला कीं गोटा खालीं राहतो आणि बुचामुळें चारादाणी आपोआप वर येते. हरवला तो एक दगड, आणि दगडास आपल्या शेतांत तोटा नाहीं!

वरच्या फांसास दोरी बांधून, हव्या त्या खोलीच्या अंतरावर ६० मिलिलिटरची रिकामी बाटली घट्ट झांकून तरंग म्हणून बांधावी. भरलेली चारादाणी गोट्यासह पाण्यांत तोलली असतां तिचा भार २५ ग्रॅमच्या आंतबाहेर भरतो; तेवढा भार ही बाटली सहज पेलते. तरंगाच्या पुढील दोरी काठापर्यंत येऊं द्यावी.

पारख

पात्र तयार झाल्यावर सर्व कडा कानशीनें व नंतर कांचकागदानें घासून गोल कराव्या. मग जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावरून तें सर्व बाजूंनीं फिरवावें. एक जरी धागा अडकला, तरी तें तळ्यांत टाकण्यास अपात्र समजावें व पुन्हां घासावें. यानंतर बादलीभर पाण्यांत चारादाणी भरून टांगावी आणि घड्याळ लावून पाहावें. पांच ते दहा मिनिटांत चारा हळूहळू सुटून संपला पाहिजे. तत्काळ सुटला तर चारा सैल आहे. अर्ध्या तासानेंही आंत राहिला तर फार घट्ट आहे. प्रथम चारा सुधारावा. छिद्रें वाढविणें हा अखेरचा उपाय, कारण पाडलेलें छिद्र बुजवितां येत नाहीं.

चारा व वापर

भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग घ्यावी. पेंड कुटून चाळावी, पाणी थोडें थोडें शिंपडीत कालवावें आणि पंधरा-वीस मिनिटें मुरूं द्यावें. मुठींत दाबला असतां गोळा बनावा व बोटानें टिचकी मारतांच फुटावा, ही त्याची खूण. आंबलेली किंवा बुरशी आलेली पेंड वापरूं नये.

विलायती पद्धतींत चारादाणी व गळ एकाच दोरीवर असतात. दोरी तुटली तर माशास तें लोढणें ओढीत फिरावें लागूं नये, म्हणून तेथें चारादाणी दोरीवर मोकळी सरकती ठेवावी लागते. आपण ही अडचणच ठेवूं नये. चारादाणीची दोरी निराळी आणि गळाचा तंगूस निराळा असावा. गळास उलटा कांटा नसावा, म्हणजे वजन करून मासा परत सोडतांना त्यास इजा कमी होते. गळही तरंगावर असावा. त्याचें टोंक व चारादाणीचा गोटा हीं दोन्ही अस्तरापासून निदान हातभर वर राहिलीं पाहिजेत. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यांतही पाण्याची पातळी रोज बदलते. म्हणून खोली प्रत्येक वेळीं नव्यानें मोजावी. तळ्याच्या बाजू उतरत्या असल्यामुळें काठाजवळ खोली कमी असते, हेंही विसरूं नये.

तासाभरांत चार वेळांहून अधिक चारादाणी भरूं नये. चार वेळांचा चारा सव्वाशें ग्रॅमच्या आंतच होतो. तोही त्या दिवसाच्या नेहमींच्या खाद्यांतून वजा करावा. मासे वर येऊन धापा टाकीत असतील, त्या दिवशीं चारा व गळ दोन्ही बंद ठेवावे. एका वहींत तारीख, पाण्याची खोली, चाऱ्याचें वजन, धरलेले मासे व त्यांचें वजन अशीं पांच घरें आंखून नोंद ठेवावी. आमची उभी हयात महसुली दप्तरांत गेली असल्यामुळें हा आग्रह स्वभावाचा भाग असेल. परंतु कोणत्या महिन्यांत मासा वाढला व कोणत्या महिन्यांत नुसता चारा खर्ची पडला, हें अशा नोंदीवांचून कळत नाहीं.

प्राणाहून वस्तु मोठी नव्हे

आतां राहिलेल्या कलमाविषयीं. अस्तर लाविलेल्या तळ्याची बाजू ओली झाली म्हणजे शेवाळानें अत्यंत निसरडी होते. त्यावर पाऊल घसरलें, कीं पोहतां येणाऱ्यासही हातास धरावयास कांहीं सांपडत नाहीं. अशा तळ्यांत माणसें व मुलें बुडून मेल्याचीं वृत्तें दरवर्षीं येतात. महागडें पात्र हातचें गेलें, तर तें काढण्यास खालीं उतरण्याचा मोह होतो. आणि तो मोहच घात करतो. म्हणून चारादाणी घरच्या तुकड्यांची, थोड्या खर्चाची व स्वतः तरंगून येणारी असावी, असा आमचा आग्रह आहे. तिची दोरी तुटली तरी वारा तिला आज ना उद्यां काठास लावील. नच लावली तर दुसरी करण्यास अर्धा दिवस पुरे. गळ टाकणारानें कुंपणाबाहेरील सपाट बांधावरच बसावें, एकट्यानें जाऊं नये, मुलांस एकटें पाठवूं नये. गांठी मारलेला जाड दोर वर खुंटास पक्का बांधून पाण्यापर्यंत सोडलेला असावा, आणि हवा भरलेली टायरची ट्यूब हातापाशीं असावी. हीं दोन साधनें तयार नसतील, तर त्या दिवशीं गळ घरींच ठेवावा.

पावसाळा संपून पाणी निवळलें, कीं हा प्रयोग करण्यास काळ अनुकूल होतो. प्रथम एकच चारादाणी करावी, बादलींत तिची पारख करावी, आणि मगच ती तळ्यांत सोडावी. घरच्या नळीचा एक तुकडा, एक बूच, वीतभर तार आणि नदीचा एक गोटा, एवढ्या सामग्रीवर माशांची वाढ समजेल, पाणी शुद्ध राहील व अस्तर शाबूत राहील. ज्या शेतकऱ्यास पाण्याची किंमत ठाऊक आहे, त्यास याहून अधिक सांगावयास नको.