मूळ कर्नलची प्रत

संगणक सुरू होताना ‘लोडर’ हा छोटा प्रोग्रॅम डिस्कवरून कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवतो. १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीबीएसडी’ या कार्यप्रणालीत हा कर्नल आपल्याला हवा तसा बांधून घेता येतो. तिच्यासोबत येणाऱ्या ‘जेनेरिक’ कर्नलमध्ये नाना यंत्रभागांशी बोलणारे ड्रायव्हर भरलेले असतात. आपल्याकडे नसलेल्या भागांचे कशाला ठेवा, असे वाटून काटछाट सुरू होते. समजा, त्यात डिस्कचाच ड्रायव्हर गेला! लोडर यंत्रातील फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, म्हणून कर्नल स्मृतीत येतो खरा; पण त्या कर्नलला डिस्क दिसत नाही आणि गाडी तेथेच अडते.

नवा कर्नल बसवताना चालू कर्नल ‘कर्नल.ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवला जातो. मग भीती कसली? येथेच मेख आहे. हा ‘ओल्ड’ एकच असतो. आपला पहिला कर्नल वरवर ठीक चालला म्हणून दुसरा बसवला, की ‘ओल्ड’च्या जागी तो पहिला जातो आणि जेनेरिक पुसला जातो. पुढे दुसरा अडला आणि पहिल्यातही उणीव निघाली, तर दाद कोणाकडे मागणार?

म्हणून पहिल्या प्रयोगाआधीच ‘कर्नल’ ही संपूर्ण डिरेक्टरी ‘कर्नल.जेनेरिक’ अशा वेगळ्या नावाने उतरवून ठेवावी. एकटी कर्नलची फाइल पुरत नाही. शेजारची मोड्यूल्सही त्याच कर्नलशी जुळणारी लागतात. अडचण आली की लोडरला ‘बूट’ या आज्ञेपुढे हे नाव सांगावे. कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली की मात्र ही प्रत जुनी होते. तेव्हा नवी काढावी.