समुद्रातली हाक

आमची शाळा रायगडच्या किनाऱ्यावर. "मोठेपणी कोण होणार?" असं वर्गात विचारलं, की दोन-तीन हात हमखास वर येतात. "गुरुजी, मी बोटीवर ऑफिसर होणार!" पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, देशोदेशीची बंदरं... कुणाला आवडणार नाही? पण त्या पट्ट्यांचं ओझं किती असतं, ठाऊक आहे का? आज तुम्हांला दोन बोटींची गोष्ट सांगतो. एक दूरच्या अटलांटिक महासागरातली आणि दुसरी आपल्या अगदी अंगणातली.

पहिल्या बोटीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. टायटॅनिक! तिच्यावर जॅक फिलिप्स नावाचा एक तरुण होता. शाळा संपवून तो इंग्लंडमध्ये पोस्टात लागला आणि तारायंत्राची 'कट्ट-कडकट्ट' शिकला. पुढे बोटींवर बिनतारी संदेश पाठवण्याचं काम करू लागला. टायटॅनिकवर तो या खात्याचा प्रमुख होता. ११ एप्रिल १९१२ रोजी, भर समुद्रात, त्याला पंचविसावं वर्ष पूर्ण झालं.

तीनच दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास बोट हिमनगावर आदळली. फिलिप्स यंत्रावर बसला आणि मदतीच्या हाका मारू लागला. जोडीला त्याचा बावीस वर्षांचा मदतनीस हॅरॉल्ड ब्राइड होता. बोट पाण्यात खाली खाली चालली. शेवटी कप्तान येऊन म्हणाला, तुमचं काम झालं, आता आपापला जीव वाचवा. तरी फिलिप्स उठला नाही. खोलीत पाणी शिरेपर्यंत तो संदेश पाठवतच राहिला.

त्याची हाक 'कार्पेथिया' नावाच्या बोटीनं ऐकली. रात्रीच्या अंधारात, हिमनगांतून वाट काढत ती पहाटे चारच्या सुमारास तिथं पोचली. होड्यांत कुडकुडत बसलेली सातशेहून अधिक माणसं वाचली. त्यांत ब्राइडही होता. फिलिप्स मात्र नव्हता. त्याचा देहही सापडला नाही.

यात एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. 'कॅलिफोर्नियन' नावाची बोट याहूनही जवळ होती. पण तिच्यावरचा एकुलता एक ऑपरेटर थोड्याच वेळापूर्वी यंत्र बंद करून झोपला होता! म्हणूनच १९१४ मध्ये लंडनला अनेक देशांनी मिळून करार केला, त्यात मोठ्या प्रवासी जहाजांवर रात्रंदिवस कुणीतरी बिनतारी यंत्राशी जागं असलंच पाहिजे, असं ठरलं.

आता आपल्या किनाऱ्यावर या. तारीख १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, म्हणजे समुद्राला उधाण. त्यात भर पावसाळा. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातलं बंदर. सणाला घरी निघालेली सहा-सातशे माणसं बोटीवर होती.

बोट काश्याच्या खडकाजवळ आली आणि मोठ्या लाटांनी ती एका अंगावर कलली. घाबरलेली माणसं एकाच बाजूला धावली, आणि बघता बघता बोट उलटली. असं का झालं असेल? घरी करून बघा. परातीत पाणी घ्या, त्यात डब्याचं झाकण तरंगत ठेवा आणि झाकणात आठ-दहा नाणी सारखी पसरा. झाकण छान तरंगेल. आता सगळी नाणी एका कडेला सरकवा. बुडालं ना? वजन तेवढंच होतं, फक्त जागा बदलली!

रामदासवर बिनतारी यंत्रच नव्हतं. हाक मारायची कशी? टायटॅनिक किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर होती, तरी तिची हाक पोचली. रामदास मुंबईपासून जेमतेम काही मैलांवर बुडाली, आणि मुंबईला ते कळलं दिवस कलल्यावर! सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कितीतरी गावांत त्या रात्री चूल पेटली नसेल.

पण हाक ऐकणारे कुणीच नव्हते, असं नाही बरं का! रेवसचे कोळी बांधव मासळी विकायला मुंबईला निघाले होते. बुडणारी माणसं दिसताच त्यांनी होडीतली मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसं घेतली. अशी सत्तर-पंचाहत्तर माणसं वाचली. त्या दिवसाची सगळी कमाई पाण्यात गेली. त्यांच्या खांद्यावर कुठलीही पट्टी नव्हती. पण फिलिप्सनं जे केलं, तेच त्यांनीही केलं. आधी दुसऱ्याचा जीव बघितला.

तेव्हा ज्यांना ऑफिसर व्हायचंय, त्यांनी आतापासूनच सवय लावून घ्या. लाँचमध्ये बसलात की लाइफ जॅकेट घाला, "गरम होतं" म्हणून काढू नका. कितीही गंमत दिसली तरी सगळे एका बाजूला धावू नका. खलाशीमामा "आज समुद्र खवळलाय, लाँच बंद" म्हणाले, तर रुसू नका. आईबाबांनाही सांगा, की गच्च भरलेली लाँच सोडून पुढच्या लाँचनं गेलं तर अर्धा तासच उशीर होतो. आणि समुद्रात कुणी संकटात दिसलं, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असू द्या.

पुढच्या वेळी रेवसला किंवा मांडव्याला जाताना त्या पाण्याकडे एकदा बघा. आणि कुणाची हाक ऐकू आली तर आपण झोपलेले नसू, एवढं मनाशी ठरवा.