शब्दांची स्मृती आणि मराठी बायबलची परिभाषा

धर्मग्रंथाचे भाषांतर करणाऱ्यास पदोपदी भाष्यकाराचीही भूमिका घ्यावी लागते. याचे कारण असे की, प्रत्येक शब्द आपल्या समाजाची स्मृती घेऊन येतो. बंगळुरूतील 'बसवनगुडी' या वस्तीच्या नावातील 'गुडी' म्हणजे कन्नडमध्ये देऊळ. मराठी कानाला मात्र चैत्रपाडव्याची गुढी आठवते. स्थलनामाच्या बाबतीत अशा गैरसमजाने फारसे बिघडत नाही. ईश्वरशास्त्रात मात्र सिद्धान्तच बदलू शकतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे आढळतात. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी आणि पुराणाची चौकट स्वीकारली व स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजला. श्रोत्याला परिचित असलेल्या शब्दातून अपरिचित अर्थाकडे नेण्याची ही रीत होय. तिच्यातील अडचण अशी की, वैकुंठाबरोबर विष्णूही श्रोत्याच्या मनात येतो.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) नेमकी उलट वाट धरली. पुराणे कथन करीत देशभर फिरणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या या विदुषीला संस्कृत शब्दांची धार्मिक वलये पूर्णपणे ठाऊक होती. म्हणूनच ती टाळण्याचा आग्रह त्यांनी धरला. हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातील स्त्रीला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनीच मुद्रणाचे काम केले. १९२४ साली, रमाबाईंच्या निधनानंतर, हा ग्रंथ पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला.

या दोन भूमिकांमधील ताण योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आधारे स्पष्ट करता येईल. येशू निकदेमास ज्या जन्माविषयी सांगतो, त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'अनोथेन' हा शब्द आहे. त्याचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ घेतो आणि म्हाताऱ्या माणसाने पुन्हा मातेच्या उदरात कसे शिरावे, असे विचारतो. येशू तर आत्म्यापासून होणाऱ्या जन्माविषयी बोलत असतो. येथे 'पुनर्जन्म' म्हटल्यास मराठी श्रोत्यापुढे कर्मविपाक आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी उभ्या राहतील. 'नव्याने जन्म' म्हटल्यास तो धोका टळतो, परंतु 'वरून' हा अर्थ लुप्त होतो आणि निकदेमाची चूक का घडली, हेही कळत नाही. इव्हँजेलिकल ईश्वरशास्त्रात नवजन्माची कल्पना केंद्रस्थानी असल्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही. ती भरून काढण्याचे काम भाषांतराकडून उपदेशकाकडे येते.

शब्दांची पूर्ण शुद्धी शक्य नाही, हे रमाबाईंच्या संस्थेच्या नावावरूनही दिसते. 'मुक्ती' हा शब्द भारतीय दर्शनांचाच आहे. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळात आश्रय मिळालेल्या शेकडो मुली व स्त्रियांसाठी त्या शब्दात अन्न, अक्षरओळख आणि निर्भयता यांचीही भर पडली. शब्दाची जुनी स्मृती पुसली गेली नाही. तिच्याशेजारी नवी स्मृती उभी राहिली.

म्हणून पाळकाने व ईश्वरशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकाच मराठी भाषांतरावर विसंबून अर्थनिर्णय करू नये. दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत. जेथे ती परस्परांपासून दूर जातात, तेथे मूळ संहितेकडे वळावे. पुष्कळदा तेथेच उपदेशाचा खरा विषय दडलेला असतो.