नवा तांदूळ, जुना तांदूळ आणि दिवाळीचा गोळाभात

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच तक्रार केली, की कानात इअरफोन असताना वाटी-चमच्याची प्रमाणं लिहून घेता येत नाहीत. म्हणून या भागाचं हे लेखी रूप. रेकॉर्डिंगमध्ये जिथे मी भरकटलो होतो ते थोडं कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. मी सध्या घरी, म्हणजे ऊर्जानगरला आहे. लॅपटॉप डायनिंग टेबलवर आणि मागे आईचं स्वयंपाकघर, त्यामुळे ऑडिओत कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील तर त्या खऱ्याच आहेत.

विषय आहे गोळाभात. पण सुरुवात करतो ती माझ्या फसलेल्या गोळाभातापासून.

मागच्या डिसेंबरात मामानं गावाहून तांदळाचं पोतं पाठवलं. घरच्या शेतातला एचएमटी, नुकताच गिरणीतून काढून आणलेला. त्यातला पाच किलो मी पुण्याला नेला. रविवारी फ्लॅटमधल्या चौघांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आज विदर्भ खाऊ घालतो. आईचं माप मला पाठ होतं. दोन वाट्या तांदूळ, साडेचार वाट्या पाणी, वर गोळे. झाकण काढलं तर आत सगळा लगदा. गोळे त्यात असे रुतले होते की चमच्यानं शोधून काढावे लागले. चव चांगली होती म्हणा, खिचडी म्हणून सगळ्यांनी खाल्ली. पण तो गोळाभात नव्हता.

आईला फोन केला. तिनं एकच प्रश्न विचारला, "तांदूळ कोणता घेतला?"

"मामाचा."

"अरे बाबू, नव्या तांदळाले इतकं पाणी टाकते का कोणी?"

वाण तेच, शेत तेच, फक्त सहा महिन्यांचा फरक. तेवढ्यानं भाताचं इतकं कसं काय बदलतं? हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि पुण्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेक मित्रांनाही नाही. कारण आपण पाकिटातला तांदूळ आणतो आणि तो किती जुना आहे हे कोणी विचारत नाही.

तर होतं असं. तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च, थोडं प्रथिन आणि अगदी किंचित तेल. पाणी साधारण सत्तर अंशांच्या आसपास गेलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात. नव्या तांदळात त्यांना फारसा अडसर नसतो. दाणा लवकर फुगतो, कडेनं फुटतो आणि स्टार्च बाहेरच्या पाण्यात सांडतो. तो सांडलेला स्टार्च म्हणजेच चिकटपणा. साठवणुकीत मात्र दाण्याच्या आत शांतपणे काम चालू असतं. तेलाचं विघटन होऊन सुटी झालेली आम्लं स्टार्चला धरून बसतात, प्रथिनांचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. थोडक्यात, दाण्याला आतून जाळी लागते. मग शिजवताना तो पाणी जास्त पितो, लांब होतो, पण फुटत नाही. म्हणून जुना भात मोकळा होतो आणि त्याला पाणी जास्त लागतं. यातला मोठा बदल पहिल्या काही महिन्यांतच होतो, आणि उष्णतेनं तो लवकर होतो. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे कोठीतला तांदूळ एका उन्हाळ्यात पुरता जुना होतो.

आता दिवाळीशी याचा संबंध काय? आपल्या जिल्ह्यात हलके धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतात, भारी धान त्यानंतर, अगदी मार्गशीर्षापर्यंत. कोकणात कोजागिरीलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात, तिकडे पहिलं भात तोवर हाती आलेलं असतं. म्हणजे सणाच्या या दिवसांत घरात दोन्ही तांदूळ असतात, सरत आलेला जुना आणि येऊ घातलेला नवा. आमच्या आजीच्या पिढीला यात काही सांगावं लागत नसे. कोणत्या पदार्थाला कोणता, हे हातालाच माहीत होतं.

अनारशांना जुना. नव्याचे केले तर तुपात टाकल्यावर ते पसरून जाळीदार चुरा होतात, ज्याला बायका "अनारसा हसला" म्हणतात. करणारी मात्र रडायच्या बेताला आलेली असते. याउलट कोकणातल्या उकडीच्या मोदकांना नव्या तांदळाची पिठी मुद्दाम घेतात, कारण तिथे चिकटपणाच हवा असतो, पारी मुरडताना फाटत नाही. आणि झाडीपट्टीतले आयते? तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, इतकंच. ताकासारखं पातळ करून तापलेल्या तव्यावर ओतायचं, जाळी पडली की उचलायचं. घावन खाल्लंय ना, त्याचा हा चुलतभाऊ. आंबवायचं नाही, वाट पाहायची नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात, घरात अचानक दहा पाहुणे येतात. तेव्हा आयते आणि कोंबडीचा रस्सा यापेक्षा चांगला उपाय अजून निघालेला नाही. आयत्यांना नवा-जुना कोणताही चालतो, फक्त नव्याच्या पिठात पाणी जपून घाला.

थोडं विषयांतर करतो. हा एचएमटी तांदूळ तुम्ही मुंबई-पुण्याच्या दुकानात पाहिला असेल. नाव घड्याळासारखं का, तर घड्याळावरूनच! नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, मराठवाड्यातलं नव्हे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम, शेती दीडेक एकर. १९८३ साली 'पटेल ३' वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, आणि हे वर्षानुवर्षं केलं. बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ निघाला. बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हतं, त्या काळी एचएमटीचं घड्याळ जोरात होतं, तेच चिकटलं. नंतर त्यांनी आणखीही वाणं काढली, डीआरके हे त्यांतलंच. २०१० साली 'फोर्ब्स'नं त्यांचं नाव ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. हा तांदूळ देशभर खाल्ला गेला, पण त्यातून त्यांच्या घरात फारसं काही आलं नाही. मला हे वाचून राग येतो. आम्ही कोडच्या दहा ओळींवरही आपलं नाव टाकतो.

आणि योगायोग बघा, आमच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला तोही १९८३ मध्येच.

तर आता गोळाभात. चार जणांसाठी.

जुना तांदूळ दोन वाट्या. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा दीड वाटी. भरडा म्हणजे बेसन नव्हे, हे कृपया लक्षात घ्या. डाळ कोरडीच किंचित भाजून रव्याइतकी जाडसर दळायची. बेसनाचे गोळे आतून चिकट, घट्ट होतात. भरड्याच्या कणांत फटी राहतात, त्यातून वाफ आतपर्यंत जाते. दळून आणायची सोय नसेल तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा.

भरड्यात मीठ, हळद, तिखट, हिंग, ओवा, जिरं आणि मूठभर चिरलेला सांबार. पुणेकरांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. मग तीन-चार मोठे चमचे कच्चं तेल घालून हातानं चोळायचं. हे तेल मोजताना मन घट्ट करा. तेल कमी पडलं की गोळा घशाला कोरडा लागतो. मग कोमट पाणी शिंपडत ओलसर करायचं, मूठ वळली की आकार टिकला पाहिजे. वीस मिनिटं झाकून ठेवा, डाळीचे कण पाणी पिऊन मऊ होतात. ही वीस मिनिटं मी एकदा वाचवली होती, गोळे शिजले पण आत कचकच राहिली. मग लिंबाएवढे गोळे मुठीत दाबून करा.

भात गंजात, कुकरमध्ये नाही. (गंज म्हणजे पातेलं. आईचा जर्मनचा आहे, माझ्यापेक्षा वयानं मोठा.) पाणी साडेचार वाट्या, मीठ, चमचाभर तेल. पाणी उकळलं की तांदूळ टाका. पाणी आटत येऊन भाताच्या पातळीला आलं आणि वर छोटे खड्डे दिसायला लागले, की तो क्षण गोळे ठेवायचा. त्याआधी ठेवले तर पाण्यात विरतात, नंतर ठेवले तर वाफ पुरत नाही. गोळे भातात अर्धे दाबून बसवा, घट्ट झाकण, गंजाखाली तवा, गॅस अगदी बारीक. वीस मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वास आला तरी.

फोडणीचं तेल वेगळं. अर्धी वाटी तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या. ताटात भात, त्यावर गोळा फोडून कुस्करायचा, वरून हे तेल गरम गरम आणि बाजूला कढी. कोणी चिंचेचं सार घेतं, आमच्या घरी कढीच.

घरात नवाच तांदूळ असेल तर? दोन उपाय. एक, तांदूळ धुऊन निथळून चमचाभर तेलात तीन-चार मिनिटं परतायचा आणि पाणी साडेतीन वाट्याच घालायचं. कोरड्या उष्णतेनं दाणा जरा टणक होतो. दोन, भात भरपूर पाण्यात शिजवून पसवायचा, म्हणजे सुटा झालेला स्टार्च पेजेबरोबर बाहेर जातो. पण मग गोळे ठेवायला आटणारं पाणीच उरत नाही, ते चाळणीत वेगळे वाफवावे लागतात. मी पुण्यात पहिला उपाय करतो. जुन्यासारखा होत नाही, पण लगदाही होत नाही.

माझ्या लहानपणी हा पदार्थ आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला असायचा, आणि त्यामागं कारण होतं. बाबा केंद्रात शिफ्ट ड्युटीला. दिवाळीला वीज बंद ठेवता येत नाही, त्यामुळे कुणाला ना कुणाला नाइट शिफ्ट करावीच लागते. पुऱ्या डब्यात चिवट होतात. गोळाभात मात्र तेलामुळे चार तासांनीही मऊ राहतो. आई डबा भरायची, तेलाची बाटली वेगळी. बाबा रात्री दोन वाजता तो खायचे आणि सकाळी घरी येऊन आमच्याबरोबर फटाके उडवायचे, डोळे लाल. कोण दमलंय हे मला तेव्हा कळत नव्हतं.

यंदा बाबा रिटायर होतायत, डिसेंबरअखेर. म्हणजे या क्वार्टरमधली ही शेवटची दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लाईनीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तीस माणसं. त्यातले काकू-काका पुढच्या वर्षी कोण नागपूरला, कोण मुलाकडे हैदराबादला. आणि स्वयंपाक मी करणार असं मी बोलून बसलोय.

इथे एक गंमत कळली. चाराचं माप तिसावर नेताना सगळं साडेसात पट करायचं नसतं. भाताचं पाणी दोन ठिकाणी जातं, दाण्यात आणि वाफ होऊन हवेत. दाण्यातलं तांदळाच्या प्रमाणात वाढतं, वाफेचं मात्र गंजाच्या तोंडाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे. मोठ्या गंजात तांदूळ साडेसात पट होतो, तोंड तेवढं मोठं होत नाही. म्हणून पाणी कमी लागतं. मी हे वहीवर गणित करून आईला दाखवलं. ती म्हणाली, "मोठ्या गंजात पाणी कमीच लागते, हे तर सगळ्याईलेच माहीत आहे." बरं. शिवाय मोठ्या गंजात गोळे एकाच थरात मावत नाहीत आणि खालचा भात दबतो. त्यामुळे दोन पसरट गंज घेणार आणि निम्मे गोळे चाळणीत वाफवणार. शनिवारी आठ जणांचं करून पाहिलं, पाणी दोन वाट्यांना चारच्या हिशोबानं घातलं तर बरोबर बसलं. तीसाचा हिशोब त्याहून थोडा खाली धरलाय. चुकला तर पुढच्या भागात कबूल करीन.

तांदळाचं पण बघून झालं. मामाचं नवं पोतं अजून यायचंय, आणि आलं तरी त्याला हात लावणार नाही. कोठीत मागच्या वर्षीचा साडेतीन किलो जुना उरला होता. माणशी शंभर ग्रॅम धरला तर तीन किलो जेवणाला. उरलेला अर्धा किलो अनारशांसाठी परवाच भिजत घातलाय. रोज पाणी बदलावं लागतं, आज माझी पाळी आहे. आईनं आत्ताच दोनदा हाक मारली, तेव्हा इथेच थांबतो.