बरळणं, गप्प होणं आणि मधला धागा

‘डोकं फिरलं की माणूस काहीबाही बरळतो’ हा समज सिनेमांनी पक्का करून ठेवला आहे. पण सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटलेल्या, बहुतेक रुग्णांची वाक्यं व्याकरणाने ठाकठीक असतात. कानात आवाज येतात, शेजारी पाळत ठेवतात अशी खात्री असते. पण हे सांगताना कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असतं. काहींच्या बोलण्यात सुटतो तो दोन वाक्यांमधला धागा.

समजा, बोरिवलीच्या एका तरुणाला विचारलं, ‘कामाला कसा जातोस?’ उत्तर येतं : ‘चर्चगेट फास्ट पकडतो. फास्ट एकादशीला असतो. एकादशी म्हणजे अकरावी. अकरावीला मला मुद्दाम पाडलं.’ एकेक वाक्य कळतं, प्रश्न मात्र मागच्या स्टेशनवर राहिला. शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरून किंवा नुसत्या नादावरून विचार भलतीकडे वळतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११मध्येच विचारांची ही सैल जोडणी स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या एका आजाराच्या मूळ लक्षणांत धरली होती.

पण ती एकट्या स्किझोफ्रेनियाची खूण नव्हे. अमेरिकेत नॅन्सी अँड्रीसन यांनी रुग्णांचं बोलणं बारकाईने तपासून १९७९मध्ये निष्कर्ष मांडले. असं भरकटणं मेनियाच्या, म्हणजे उन्मादाच्या, रुग्णांतही भरपूर आढळलं. शब्दांचा पार काला झालेलं, पडद्यावरचं ‘वेड्याचं’ बोलणं मात्र क्वचितच.

घरच्यांची खरी गफलत होते ती गप्प होण्याबाबत. एके काळची बडबडी मुलगी ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’वर येते. ‘आळशी झालीय’, ‘तोऱ्यात असते’ म्हणून सगळे मोकळे. बोलणं आटणं हेही लक्षण असू शकतं, सायकोसिसचं किंवा नैराश्याचं; पण त्यात आरडाओरडा नसतो, म्हणून डॉक्टर लांबणीवर पडतो.

उलट, बोलण्यातला प्रत्येक वेगळेपणा लक्षण नसतो. मध्येच भाषा बदलणं हा आजार असता तर अख्खं घाटकोपर दाखल करावं लागलं असतं! मराठीत सुरू झालेलं वाक्य तिथे गुजरातीतून वळसा घेत हिंदीत संपतं. म्हणून मोजमाप करायचं ते त्या माणसाच्याच आधीच्या बोलण्याशी.

आणखी एक गल्लत जिवावर बेतू शकते. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अचानक निरर्थक झालं तर ते ‘वेड’ समजू नये. तो पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तापात किंवा रक्तातलं सोडियम घसरल्यावरही माणूस बरळतो. सायकोसिसमधला बदल बहुधा आठवडे, महिने घेत चढतो.

बोलण्यात असा हळूहळू बदल दिसला तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नयेत. अंधेरी-पार्ल्याच्या लोकांना कूपर रुग्णालयाचा मानसोपचार विभाग जवळ आहे; ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना ‘वेडंवाकडं बोलतो’ एवढंच सांगू नका. त्याची चार-पाच वाक्यं, तुम्ही काय विचारलं होतं त्यासकट, जशीच्या तशी लिहून न्या.